वधानंतरचा वर : महाकाय असुराचा धार्मिक अन्वयार्थ

१

राक्षस, असुर, दैत्य यांची मराठी समीक्षेने स्वतंत्रपणे दखल घेतल्याचे क्वचितच आढळते. पुराणकथांच्या विवेचनात ते देवाच्या पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून येतात. बालसाहित्याच्या चर्चेत भीतीचे एक निरुपद्रवी साधन म्हणून येतात. आणि भयकथा हा प्रकारच अभिरुचीच्या उंबऱ्याबाहेर ठेवला गेल्याने तेथील विद्रूप प्राण्यांचा विचार करण्याची गरज कोणाला भासली नाही. अशी उपेक्षा केवळ मराठीतच झाली असे नाही. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांनी त्यातील राक्षसांना दुय्यम मानून काव्यात इतिहास आणि भाषिक अवशेष शोधण्यात धन्यता मानली, तेव्हा जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३६ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात या दृष्टीलाच आव्हान दिले. राक्षस हे त्या काव्याच्या परिघावर नसून केंद्रस्थानी आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

मराठीत असुराचे जे अन्वयार्थ प्रचलित आहेत, ते ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिला रूपकात्मक : असुर म्हणजे काम, क्रोध, लोभ इत्यादी विकार आणि त्याचा वध म्हणजे साधकाचा आत्मविजय. दुसरा ऐतिहासिक : असुर म्हणजे पराभूत झालेला एतद्देशीय समाज आणि त्याची विक्राळता म्हणजे जेत्यांनी केलेली बदनामी. दोन्ही अन्वयार्थांना आपापले बळ आहे. परंतु दोघांनाही असुराचे शरीर नकोसे झालेले असते. एक त्याचे मनोविकारात रूपांतर करतो, दुसरा त्याला सामान्य उंचीचा माणूस बनवतो. या घाईत कथेचा एक भाग अभ्यासाविना राहतो, आणि तो म्हणजे वधानंतर असुराचे काय होते, हा. महाकाय विद्रूपाचा धार्मिक आशय मुख्यतः या उत्तरार्धात दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

आधी महाकायतेचा विचार करणे इष्ट ठरेल. 'मॉन्स्टर' या इंग्रजी शब्दाचे मूळ 'मॉन्स्ट्रम' या लॅटिन शब्दात आहे. त्याचा मूळ अर्थ दैवी संकेत, उत्पात, देवांनी दिलेली पूर्वसूचना असा होता. आपल्याकडील 'असुर' या शब्दाचा प्रवासही बोलका आहे. ऋग्वेदात वरुणादी देवतांना लावलेले हे विशेषण पुढील वाङ्मयात देवांच्या शत्रूचे जातिनाम झाले. भयप्रद आणि पवित्र यांच्यातील भेद भाषेच्या या जुन्या थरांत अजून पक्का झालेला नाही. रुडॉल्फ ओट्टो यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पवित्रतेविषयीच्या ग्रंथात धार्मिक अनुभवाच्या मुळाशी असलेल्या ज्या थरकापाचे विश्लेषण केले, त्याच्याशी हे सुसंगत आहे. नैतिक गुणांचा संस्कार होण्यापूर्वीचे दिव्यत्व मानवी मापात न मावणारे असते, आणि जे मापात मावत नाही ते आकर्षक व भयानक एकाच वेळी वाटते.

भगवद्गीतेतील विश्वरूपदर्शन हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अनेक मुखे, अनेक बाहू, कराल दाढा आणि त्यांत चिरडले जाणारे योद्धे हे वर्णन संदर्भापासून तोडून वाचले, तर ते एखाद्या असुराचे म्हणूनही खपून जाईल. अर्जुन अखेरीस सौम्य रूपाची याचना करतो आणि ज्ञानदेवांनी अकराव्या अध्यायात या भयाचा व त्यानंतरच्या दिलाशाचा विस्तार मोठ्या तन्मयतेने केला आहे. वामनकथेत तर भूमिकांची अदलाबदलच होते. तेथे असुर बळी हा दानशूर, वचनाला जागणारा आणि मानवी आकाराचा आहे. तीन पावलांत विश्व व्यापून टाकणारा महाकाय आहे तो देव. तेव्हा विराट आणि विक्राळ आकार ही असुराची मिरासदारी नाही. देव आणि असुर यांना वेगळे करणारी रेषा आकारातून जात नसेल, तर ती कोठून जाते, हा प्रश्न उरतो.

३

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी प्रदेशातील गाणपत्य परंपरेत मिळते. भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव मराठ्यांच्या इतिहासात नाईक घराण्यामुळे ओळखले जाते. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या वसईच्या मोहिमेत गंगाजी नाईक अंजूरकर यांचा महत्त्वाचा वाटा होता. नाईकांच्या वाड्यातील सिद्धिविनायकाचा संबंध परंपरा चिंचवडच्या देव घराण्याशी जोडते. चिंचवडची परंपरा मोरया गोसावींची, आणि मोरया गोसावींचे उपास्य मोरगावचा मयूरेश्वर. अंजूरच्या वाड्यातील घरगुती देवापासून मागे जात गेले की असे एका असुरकथेपाशी येऊन थांबावे लागते. सूर्याकडून मिळालेले अमृत पोटात बाळगून अजिंक्य झालेला सिंधू आणि मोरावर आरूढ होऊन त्याचा अंत करणारा गणेश, ही गणेशपुराणातील कथा मोरगावच्या क्षेत्रमाहात्म्याचा गाभा आहे.

तथापि या परंपरेत वध हा असुराशी वागण्याचा एकच मार्ग नाही. मुद्गलपुराणात गणेशाच्या आठ अवतारांसमोर मत्सरासुर, मदासुर, मोहासुर, लोभासुर, क्रोधासुर, कामासुर, ममासुर आणि अहंकारासुर असे आठ असुर उभे केले आहेत. नावांवरून रूपक उघड आहे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते बहुतेक करून मारले जात नाहीत, शरण येतात. विकार नष्ट होत नसतो, त्याला मर्यादा घालून द्यावी लागते, ही जाणीव रूपकाच्या रचनेतच आहे. अष्टविनायकांपैकी ओझरची कथा याहून स्पष्ट आहे. यज्ञाचा विध्वंस करण्यासाठी निर्माण झालेला विघ्नासुर पराभूत होऊन शरण येतो. जेथे गणेशाची पूजा होते तेथे जायचे नाही ही अट तो मान्य करतो आणि मोबदल्यात आपले नाव देवाच्या नावाआधी घेतले जावे असा वर मागतो. म्हणून तेथील देव विघ्नेश्वर, विघ्नहर. कथेचा बंध युद्धाच्या कथेचा असला तरी तिचा शेवट तहनाम्याचा आहे.

यामागे आणखी जुना थर आहे. मानवगृह्यसूत्रात विनायक हे एका देवाचे नाव नाही. शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित आणि देवयजन असे चार विनायक तेथे सांगितले असून ते माणसांना झपाटणारे, कार्यात अडथळे आणणारे आहेत. त्यांनी पछाडलेल्या राजपुत्राला राज्य मिळत नाही, कन्येला वर मिळत नाही. म्हणून त्यांना बळी देऊन शांत करावयाचे असते. याज्ञवल्क्यस्मृतीतही विनायकशांतीचा विधी आहे. ज्याला आज प्रत्येक शुभकार्यात अग्रपूजेचा मान आहे, त्याच्या पूर्वचरित्रात ही उपद्रवी शक्ती उभी आहे. लंबोदर, महोदर, विकट, वक्रतुंड ही नावे भक्तीच्या सवयीने गोड झाली आहेत. पण शब्दशः घेतल्यास ती विद्रूपाचीच वर्णने आहेत. देव आणि असुर यांच्यातील रेषा आकारातून जात नाही, ती संबंधातून जाते. ज्याच्याशी समाजाचा करार झाला, ज्याला नाव, जागा आणि नैवेद्य ठरवून दिला गेला, तो देव. ज्याच्याशी असा करार अद्याप व्हावयाचा आहे, तो असुर. अंजूरच्या वाड्यातील सिद्धिविनायकाची मूर्ती या दृष्टीने पाहिली तर घराच्या मध्यभागी वसलेले देवत्व हे एका दीर्घ सलोख्याचे फलित आहे.

४

हा करार गाणपत्य परंपरेपुरता मर्यादित असता, तर त्यावरून सिद्धांत मांडण्यात अर्थ नव्हता. मराठी प्रदेशातील अन्य दैवतकथांतही त्याचीच पुनरावृत्ती दिसते. 'मल्हारी माहात्म्या'त मार्तंडभैरवाशी लढणारे मणी आणि मल्ल हे दैत्यबंधू मरताना वर मागतात. मणी अश्वारूढ रूपात देवाच्या सन्निध राहतो आणि त्याला स्वतंत्र नैवेद्य मिळतो. मल्लाचे मस्तक भक्तांच्या पायांखाली येते. परंतु त्याचे नाव देवाच्या नावात कायमचे बसते. मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी. देवाला हाक मारताना आधी दैत्याचे नाव उच्चारावे लागते. ओझरचा विघ्नहर आणि जेजुरीचा मल्हारी यांच्या नावांची घडण एकच आहे. त्रिपुरारी, मुरारी, दैत्यसूदन, महिषासुरमर्दिनी या नामांतही पराभूताला वगळून विजेत्याची ओळख पूर्ण होत नाही.

नावाप्रमाणे स्थळही असुराच्या वाट्याला येते. करवीरच्या परंपरेत देवीने मारलेल्या कोल्हासुराचे नाव कोल्हापूर नगराला लाभले आणि ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर फोडल्या जाणाऱ्या कोहळ्यात त्याच्या वधाची वार्षिक आठवण आहे. लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने निर्माण झाले, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. लोकस्मृतीने मात्र त्या प्रचंड पोकळीत लवणासुराला वसवले आणि गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले. भूमीच्या अंगावरील अनाकलनीय व्रणाला अर्थ देताना समाजाने एका महाकायाची कल्पना केली, हे त्या कल्पनेच्या धार्मिक स्वरूपाचे द्योतक मानावे लागेल.

तिसरा वाटा विधीचा. नरकासुर हा भूमीचा पुत्र. आपल्या मृत्युदिनी लोकांनी मंगलस्नान करून दिवे लावावेत, असा वर त्याने मागितल्याचे सांगतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री त्याच्या प्रचंड प्रतिमा मिरवून पहाटे जाळल्या जातात. कोकणात त्याच पहाटे अंघोळीनंतर तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. एकाच असुराची ही दोन रूपे विचार करायला लावणारी आहेत. एकीकडे मान वर करून पाहावी लागणारी आकृती, दुसरीकडे अंगठ्याखाली मावणारे रानफळ. विधीचे सामर्थ्य या मापांतरात आहे. मापाबाहेरचे भय तो हाताळण्याजोगे करतो. पण कडवटपणा चाखावयास लावून त्याचा विसरही पडू देत नाही.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. वर देणारा जेता आहे आणि वराची कथा सांगणाराही जेत्याच्याच बाजूचा आहे. पायरीखाली डोके आणि नावात जागा, हा सन्मान की पराभवाचे कायमस्वरूपी प्रदर्शन? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त हाच प्रश्न मुळापासून उपस्थित केला. अवतारकथांकडे त्यांनी आक्रमणाचा इतिहास म्हणून पाहिले, बळीला न्यायी राजा मानले, खंडोबा आणि म्हसोबा यांना त्याच्या राज्यव्यवस्थेतील अधिकारी ठरवले. म्हसोबा हे नाव 'महासुभा' या पदावरून आले, अशी व्युत्पत्ती त्यांनी दिली. राक्षस म्हणजे रक्षक, ही त्यांची उलथापालथही प्रसिद्ध आहे. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकतात की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. विद्रूपता ही वस्तुस्थिती नसून ती कोणीतरी कोणावर तरी लादलेली असते, हे फुल्यांचे भान कोणत्याही समीक्षेने गमावता कामा नये.

फुल्यांच्या वाचनाला पुढील संशोधनाने वेगळ्या मार्गाने दुजोराही दिला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते दाखवताना एक विलक्षण विसंगती नोंदवली. ज्याला देवी मारते, तोच काही ठिकाणी देवीचा नवरा असतो. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांच्या अभ्यासातूनही पशुपालक समाजांची दैवते पुराणकथेत शिरताना कशी रूपे पालटतात, हे स्पष्ट झाले. वध आणि विवाह हे दोन समाजांच्या मिलनाचे दोन वृत्तांत असू शकतात.

तेव्हा वर ही जेत्याची उदारता नव्हे. पराभूतांची उपासना मोडून काढता आली नाही, याची ती कबुली आहे. ज्याला पुरते संपवता येते त्याला वर द्यावा लागत नाही. कथा जेत्याने लिहिली असली तरी वराची अट पराभूताने घातलेली आहे, आणि दरवर्षीच्या विधीत ती अट पुन्हा पाळावी लागते. दिवाळीच्या पाडव्याला आजही घरोघर बळीचे स्मरण होते. त्याला पाताळात घालणाऱ्या वामनाचा असा घरगुती सण मराठी मुलखात नाही. ऐतिहासिक अन्वयार्थ असुराला मानवी उंचीवर आणून न्याय देऊ पाहतो. पण ज्या महाकायतेला तो बदनामी समजतो, तिच्यात पराभूताच्या मागणीचा आकारही साठवलेला आहे, हे त्याच्या नजरेतून सुटते.

६

आधुनिक कल्पित वाङ्मयात आणि चित्रपटात महाकाय विद्रूपाचे पुनरागमन झाले, तेव्हा या कराराचे काय झाले हे पाहणे उद्बोधक ठरेल. इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' हा जपानी चित्रपट १९५४ मधला. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. त्यामुळे गोजिरा म्हणजे अणुबॉम्ब, हे समीकरण रूढ झाले आणि ते चूकही नाही. परंतु चित्रपटात ओडो या बेटावरील एक वृद्ध सांगतो की गोजिरा हा जुन्या आख्यायिकेतील प्राणी असून पूर्वी मासळी मिळेनाशी झाली की त्याला मुलींचा बळी दिला जाई. आता त्याची खूण म्हणून केवळ एक विधिनृत्य उरले आहे. अणुचाचणीने जागा झालेला प्राणी हा विसर पडलेल्या उपासनेचाही प्राणी आहे. शूसुके कानेको यांनी २००१ च्या चित्रपटात युद्धात मेलेल्यांचे आत्मे गोजिरात वसल्याचे दाखवले, तेव्हा हा धागा उघड झाला. जपानी परंपरेत त्याला आधार आहे. अन्यायाने हद्दपार होऊन ९०३ मध्ये मरण पावलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानाच्या कोपाने उत्पात होतात, अशी समजूत झाल्यावर कितानो येथे त्याचे देवस्थान उभारण्यात आले. आज तो विद्येचा देव आहे. उपद्रवी विनायकापासून विद्येच्या अधिदेवतेपर्यंतचा गणेशाचा प्रवास माहीत असलेल्या मराठी वाचकाला या साम्याचे आश्चर्य वाटू नये.

मराठी भावविश्वातून आलेले याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). चित्रपट हिंदी असला तरी त्याची भूमी कोकणची आहे, पात्रे मराठी आहेत, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण करून देणारे आहे आणि त्याच्या प्रेरणेत नारायण धारप यांच्या भयकथेचा अंश आहे. चित्रपटापुरते रचलेले मिथक असे : समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोने हस्तगत करतो आणि धान्याकडे वळतो, तेव्हा अन्य देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचवून आपल्या गर्भात परत घेते. पण अट अशी की त्याची पूजा कधीही होणार नाही. त्याला सोने आहे, अन्न नाही. अस्तित्व आहे, उपासना नाही.

येथवर पाहिलेल्या परंपरेच्या तुलनेत ही अट अभूतपूर्व आहे. विघ्नासुर, मणी, मल्ल, नरकासुर यांना वर मिळाला. हस्तरला विस्मरणाची शिक्षा मिळाली. तो वरहीन असुर आहे. चित्रपटातील भयाचा उगम त्याच्या दातांत वा नखांत शोधण्याची गरज नाही; नाकारलेल्या नैवेद्यात तो सापडतो. गर्भगृहात उतरणारा विनायक कणकेची बाहुली पुढे करतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्याजवळच्या मोहरा लुटतो. यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू अर्पण करण्याची परंपरा आपल्याकडे आहे; कोहळा आणि कारीट हीही त्याच पर्यायी बळीची रूपे होत. येथे त्या पिष्टपशूचे आमिष झाले आहे. संरक्षणासाठी आखलेले पिठाचे रिंगण म्हणजे जणू उलटे मंडल आहे. त्यात देवतेचे आवाहन नाही, तिला दूर ठेवण्याची तजवीज आहे. विधीची सर्व सामग्री शाबूत आहे, फक्त देण्याचा भाव काढून घेतला आहे. अशा वेळी नायकाचे नाव विनायक असावे यातील उपरोध अर्थगर्भ आहे. गृह्यसूत्रातील विनायक नैवेद्य मिळाल्यावर शांत होत. हा विनायक नैवेद्याच्या मिषाने लुटतो आणि अखेर स्वतःच विद्रूप होतो. त्याचा मुलगा पांडुरंग त्याने देऊ केलेले धन नाकारतो, तेव्हा लोभाची साखळी तुटते; हस्तरचा मात्र प्रश्न सुटत नाही. तो गर्भात भुकेलाच राहतो.

'तुंबाड'मध्ये आकाराच्या बाबतीतही एक लक्षणीय बदल आहे. हस्तर स्वतः महाकाय नाही. महाकाय आहे ती देवीची काया, आणि पात्रे तिच्या आत उतरतात. पाहणारा येथे विराटासमोर उभा नाही, त्याच्या उदरात आहे. समृद्धीची माता आणि तिला आतून ओरबाडणारा माणूस, हे चित्र १९१८ ते १९४७ या काळाच्या चौकटीत ठेवले गेल्याने त्याला वसाहतकालीन अर्थव्यवहाराचा संदर्भही मिळतो. तथापि चित्रपटाचे सारे परीक्षण लोभाच्या बोधापाशी येऊन थांबले, तर ते मुद्गलपुराणाच्याही मागे जाईल. तेथे लोभासुराला निदान शरण येण्याची संधी होती.

७

वरील विवेचनातून समीक्षेसाठी एक निकष हाती येतो. महाकाय विद्रूप 'कशाचे प्रतीक आहे', हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. एकदा उत्तर सापडले की विद्रूप टाकून देता येते आणि अर्थ तेवढा उरतो. त्याच्या जोडीला 'शेवटी त्याला काय दिले जाते', हा प्रश्न विचारला पाहिजे. नाव, जागा आणि नैवेद्य या तीन गोष्टींच्या मोजपट्टीने पाहिल्यास पुराणकथा, लोकविधी, भयकथा आणि चित्रपट यांची तुलना एका पातळीवर करता येते. साहित्यप्रकारांच्या प्रतिष्ठेची उतरंड त्या तुलनेच्या आड येत नाही.

हा निकष केवळ वाङ्मयीन नाही. कोणत्याही काळात समाज आपल्यातल्याच काहींना राक्षस ठरवत आला आहे, आणि तसे ठरवताना तो पुराणकथेची भाषा उसनी घेतो. परंतु तो कथेचा पूर्वार्धच उचलतो. आव्हान, युद्ध, वध. पराभूताची अट ऐकून घेण्याचा, आपल्या देवाच्या नावाआधी त्याचे नाव घेण्याचा उत्तरार्ध तो सोयीस्करपणे गाळतो. मराठी दैवतपरंपरेने शतकानुशतके जपलेले शहाणपण या गाळलेल्या भागात आहे. असुराला वर न देणारी कथा पूर्ण होत नाही, ती पुढच्या विध्वंसापर्यंत केवळ थांबलेली असते. समीक्षेने असुराकडे वळावयाचे ते हा उत्तरार्ध पुन्हा वाचण्यासाठी.